हॉलच्या कवेलूंची (कौलांची) गळती (रो-हाऊस ग्रुप)

रो-हाऊस ९ : हॉलमध्ये पुन्हा गळून राहिलं, पंख्याच्या बाजूलाच. मे महिन्यात तिथले सात कवेलू बदलले होते ना? आता वरून डांबर लावून घ्यायचं का?

रो-हाऊस ४ : ताई, डांबर नको. आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात ते एका उन्हाळ्यात तडकतं आणि भेगेत शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही. शिवाय टपकतं तिथंच भोक असतं असं नाही. पाणी वाशाच्या खालच्या कडेनं धावतं आणि खिळा किंवा गाठ आडवी आली की तिथं थेंब पडतो.

रो-हाऊस १२ : गळती पाऊस आल्या आल्या सुरू होते की उशिरा?

रो-हाऊस ९ : अर्ध्या तासानं. पाऊस थांबल्यावरही तासभर टपटप.

रो-हाऊस १२ : मग फुटका कवेलू नसावा. तो सर येताच गळतो, सर थांबली की लवकरच बंद होतो. फक्त वाऱ्याच्या पावसात गळलं तर कवेलूंची एकमेकांवरची चढ कमी पडलेली असते, बरेचदा माकडांनी सरकवल्यामुळे. उशिरा सुरू आणि उशिरा बंद म्हणजे पाणी कुठं तरी तुंबतं. पोर्चचं छप्पर हॉलच्या छपराला मिळतं ती पत्र्याची नाली बघा. वर कडुनिंब आहे.

रो-हाऊस ४ : टॉर्चनं आतून बघितलं. वाशावर तपकिरी ओघळ आहे, पंख्यापासून वर साडेसहा फूट, थेट नालीच्या काठापर्यंत. तिथली रीप (कवेलू टेकतात ती आडवी लाकडी पट्टी) अंगठ्यानं दाबली तर दबते.

रो-हाऊस १२ : सापडल्यासारखंच आहे, तरी उघडीप मिळाली की पाइपनं खात्री करा. एकानं आत टॉर्च आणि खडू घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात खालून, एका पट्ट्यात १०-१५ मिनिटं, मग एक हात वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. धार खालून कवेलूत मारू नका, पाऊस तसा पडत नाही.

(संध्याकाळी)

रो-हाऊस ४ : तिसऱ्या पट्ट्यात आठव्या मिनिटाला गळलं. नालीत निंबाच्या काड्या आणि धुळीचा चिखल. त्याहून वाईट म्हणजे मागच्या कारागिरानं कापलेल्या कवेलूंच्या कडा सिमेंटनं पत्र्याला चिकटवल्या आहेत. पत्र्याचा काठही सपाटच, दुमडलेला नाही.

रो-हाऊस १२ : तेच कारण. कवेलूच्या छपरात थोडं पाणी आत येणारच, त्याला खाली उतरायला वाट लागते. सिमेंटनं ती वाट बुजवली, म्हणून पाणी बाजूला चढून सपाट काठावरून रिपेवर सांडतं.

रो-हाऊस २ : दुरुस्ती नेमकी कशी करायची? सुतार उद्या येतो म्हणतो.

रो-हाऊस १२ : नालीच्या दोन्ही बाजूंचे प्रत्येक ओळीतले दोन-दोन कवेलू काढा, कुजलेली रीप बदला. २४ गेजचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा, दोन फूट रुंद, दोन्ही काठ अर्धा इंच वर दुमडलेले. खालचा तुकडा आधी, वरचा त्यावर किमान ६ इंच चढवून. खिळा पत्र्याच्या मध्ये कुठंच नको, दुमडलेल्या काठाला क्लिपनं धरा. कवेलू ग्राइंडरनं तिरपे कापा, ते पत्र्यावर ३-४ इंच यावेत आणि मध्ये ४-५ इंच नाली उघडी राहावी. त्रिकोणी तुकडे निसटतात. त्यांना भोक पाडून जीआय तारेनं रिपेला बांधा. सिमेंट नाही म्हणजे नाही.

रो-हाऊस ४ : आढ्यावरची भेगही त्याच हप्त्यात करून घेऊ. तिथला जुना माल काढून सिमेंट १, चुना १, वाळू ६. कवेलू आधी पाण्यात भिजवायचे, नाहीतर ते मालातलं पाणी शोषतात. माल फक्त कडांना.

रो-हाऊस ९ : तोवर?

रो-हाऊस ४ : ताडपत्री. वरचं टोक आढ्याच्या पलीकडे दोन फूट न्यायचं, नालीच्या वरच बांधली तर पाणी तिच्याखाली शिरतं. ओल्या कवेलूंवर कोणी चढू नका. चढायचंच तर वाशांवर फळी टाकून.

रो-हाऊस २ : कवेलू किती सांगू?

रो-हाऊस १२ : २५ सांगा, कापताना फुटतात. पण आपला एक काढून सोबत न्या. मागच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो, तोच बघा. दुसऱ्या छापाचा मंगलोरी कवेलू दिसायला सारखा असला तरी खोबण बसेलच असं नाही. दुकानातच दोन जोडून बघा, हलला तर घेऊ नका.