बोलेरो पिकअप (2009, डीआय): दुसरं इंजिन बसवावं की आहे तेच बांधावं?

मंडी_फेरी
नमस्कार मंडळी. बोलेरो पिकअप, 2009 चं मॉडेल, 2523 सीसी टर्बोवाली डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी), पंप मेकॅनिकल, बीएस-2 (धुराचा जुना नियम). महूकडचा बटाटा-कांदा इंदूरच्या चोइथराम मंडीत आणि आठवड्यातून दोनदा भेरूघाटाने खंडवा.

तक्रारी अशा: 600 किलोमीटरला लिटरभर ऑईल खाते. ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर. घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर जातो. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते, गरम झाल्यावर चार-पाच सेल्फ मारावे लागतात.

मेस्त्रींनी तीन पर्याय सांगितले. ह्याच इंजिनचं फुल काम 85 हजार. कबाडातून ह्याच मॉडेलचं जुनं इंजिन, बसवून 48 हजार. किंवा अपघातात गेलेल्या नव्या पिकअपचं कॉमन रेल (डिझेल कंप्युटरने सोडणारं) इंजिन, 1 लाख 10 हजार. आणखी एकांचं म्हणणं, टाटा 207 चं 2956 सीसीचं टाका, घाटात ताकद मिळेल. गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची आहे. काय करावं?

लेथ_पोलोग्राउंड
शेवटचे दोन पर्याय आत्ताच सोडा.

कॉमन रेल इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा नाही. त्याच्यासोबत ईसीएम (इंजिनचा कंप्युटर), पूर्ण वायरिंग, एक्सलरेटर पेडलचा सेन्सर, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर असेल तर त्याची किल्ली, आणि वेगळी डिझेल लाइन व फिल्टर लागतो. यातलं एक कनेक्टर जरी कापून जोडलं असेल तर पावसाळ्यात गाडी कुठे बंद पडेल सांगता येत नाही, आणि स्कॅनर नसलेल्या मेस्त्रीला ती चालू करता येत नाही. टाटाचं 497 इंजिन (97 मिलीमीटर बोअर, 100 स्ट्रोक) स्वतःच्या जागी उत्तम आहे. पण तुमच्या गाडीत बेल हाउसिंग, फाउंडेशन, प्रोपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटर, सायलेन्सर सगळं नव्याने जुळवावं लागेल. वाढलेला टॉर्क जुन्या गिअरबॉक्सवर आणि डिफरन्शियलवर येईल तो वेगळाच. शिवाय इंजिनाचा प्रकार बदलला की आरटीओत ते बसत नाही.

राहिले दोन. त्यातला निर्णय किमतीवर घेऊ नका, मोजमापावर घ्या. एक दिवस गाडी उभी करून एवढं करा:

1. इंजिन गरम करून चारही सिलिंडरचं कम्प्रेशन काढा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी आणि डिझेल बंद हवं. अशा डीआय इंजिनात साधारण 25 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास आलं तर ठीक. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तर इंजिन उघडावंच लागेल.
2. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, मग गाडी चालू करून आत बघा. रेस दिल्यावर सलग बुडबुडे येत असतील तर गास्केट, हेड (सिलिंडरवरचं झाकण) किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) यांपैकी काहीतरी गेलं आहे.
3. ऑईल प्रेशर गेज लावून गरम इंजिनाचं आयडलवरचं आणि 2000 आरपीएमचं रीडिंग घ्या. दिव्यावर भरवसा नको, तो प्रेशर अगदी संपत आल्यावरच पेटतो.

आकडे इथे टाका.

कागद_आधी
कागदाची बाजू सांगतो, कारण 48 हजारांतलं इंजिन ह्याच ठिकाणी महाग पडतं.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52. इंजिन बदलायचं तर आधी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि बदल केल्यापासून 14 दिवसांत आरसीसह कळवायचं असतं. म्हणजे नायता मुंडल्याच्या आरटीओत एक चक्कर काम करण्याआधी आणि एक नंतर. नवा इंजिन नंबर आरसीवर चढला नाही तर फिटनेसला गाडी अडते. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच मुद्दा काढते. तुमची गाडी आठ वर्षांपुढची, त्यामुळे फिटनेस दरवर्षी आहेच.

जुन्या इंजिनासोबत पक्कं बिल, ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत काढल्याचा कागद घ्या. तिचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’वर तपासून घ्या, चोरीची गाडी असेल तर तिथे दिसते. ब्लॉकवरचा नंबर घासलेला असेल, किंवा अक्षरं एका रेषेत नसतील, तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

तुमचाच ब्लॉक ठेवून काम केलं तर इंजिन नंबर तोच राहतो आणि ह्यातलं काहीच करावं लागत नाही. मात्र कंपनीचा कोरा ब्लॉक घेऊन त्यावर जुना नंबर पंच करायचा विचार असेल, तर तोही परवानगीशिवाय नको.

आणखी एक. 15 वर्षांपुढच्या गाडीची फिटनेस फी एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. इंजिनात 85 हजार घालण्याआधी चेसिसची साइड फ्रेम, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळची जागा आणि केबिनचा तळ हातोडीने ठोकून बघा. गंजलेल्या जागेचा आवाज बद्द येतो. फ्रेमच गेली असेल तर इंजिनाची चर्चा इथेच थांबवा.

मंडी_फेरी
फ्रेम शाबूत आहे, आवाज सगळीकडे खणखणीत. कम्प्रेशन: 26, 25, 17, 24. तिसरा खाली. बुडबुडे नाहीत. ऑईल प्रेशर गरम आयडलला 0.8, 2000 वर 2.6 किलो. मग हेड उघडलं. तिसऱ्या लायनरवर उभ्या रेघा आहेत, पिस्टनच्या डोक्यावर एका बाजूला खरवडल्यासारखा खड्डा, बाकी तीन काळे पण नीट. मेस्त्री म्हणतात चारही किट (पिस्टन, रिंगा, लायनर) टाकू, काम संपलं.

नोझल_पंप
नाही, किट टाकून काम संपत नाही. एकाच सिलिंडरचा पिस्टन जळला असेल तर आधी त्याची नोझल (डिझेल फवारणारं टोक) बघा. नोझल थेंब टाकते तेव्हा डिझेलचा फवारा न होता धार पडते. ती पिस्टनचं डोकं खाते, लायनरवरचा ऑईलचा थर धुऊन टाकते, आणि कोरड्या भिंतीवर रिंगा घासतात. तुमच्या उभ्या रेघा त्याच्याच. नवी किट आणि जुनी नोझल एकत्र बसवली तर काही महिन्यांत तोच सिलिंडर पुन्हा उघडाल.

चारही नोझल टेस्ट बेंचवर लावा. ठरलेल्या प्रेशरला उघडतात का, फवारा सगळ्या भोकांतून सारखा पडतो का, आणि उघडण्याच्या थोड्या खालच्या प्रेशरवर टोक कोरडं राहतं का, ह्या तीन गोष्टी समोर उभं राहून बघा. नोझलखालचे तांब्याचे वायसर नवेच घाला. जुने दोन एकावर एक टाकले तर नोझलचं टोक वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडत नाही.

आता गरम असताना चार-पाच सेल्फ लागतात त्याबद्दल. कम्प्रेशन कमी असलं की त्रास थंडीत, सकाळी होतो. तुमचं उलटं आहे. थंड असताना लगेच चालू, गरम झाल्यावर नाही, ही पंपाची खूण. डिझेल गरम होऊन पातळ होतं आणि झिजलेल्या हेड-रोटरमधून (पंपाच्या आतल्या फिरत्या भागातून) सेल्फच्या वेगावर गळून जातं, नोझल उघडण्याइतकं प्रेशर तयारच होत नाही. पंप रोटरी असेल तर इंजिन पुन्हा जोडल्यावर खात्री करता येईल: बंद इंजिनावर पंपाभोवती ओला फडका दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर पंप गेला. चालू गरम पंपावर गार पाणी ओतायचं नाही, रोटर जाम होतो. पण इंजिन उघडलंच आहे तर पंप आत्ताच कॅलिब्रेशनला द्या. वाढवून ठेवलेलं डिझेल कमी करून मूळ मापावर आणायला सांगा. घाटात काटा वर जायचं अर्धं कारण तेच असू शकतं.

लेथ_पोलोग्राउंड
आकडे आणि वर्णन बघता तुमचाच ब्लॉक बांधा. बुडबुडे नाहीत म्हणजे तडा असायची शक्यता कमी, तरी ब्लॉक आणि हेड दोन्ही प्रेशर टेस्ट करून घ्या. 85 हजारांत काय आहे ते लिहून मागा. नुसतं ‘फुल काम’ लिहिलेलं कोटेशन घेऊ नका.

ब्लॉक: लायनर काढल्यावर लायनरच्या बैठकीचं माप घ्या. नवीन लायनर बसवून किती वर-खाली राहतो ते चारही जागी डायलने मोजायचं, मॅन्युअलच्या हद्दीत हवं. गास्केट वारंवार जाण्याचं हे मोठं कारण आहे. 2523 चा मूळ बोअर 88.9 आहे, स्ट्रोक 101.6, म्हणजे साडेतीन आणि चार इंच. किट घेताना टर्बोवाल्याचीच घ्या, इंजिन नंबर सांगून पार्ट नंबर जुळवा. साध्या डीआयची किट दिसायला तशीच असते म्हणून दुकानदार पुढे सारतात. रिंग लायनरमध्ये टाकून फिलरने (मापाच्या पातळ पट्टीने) टोकांमधला गॅप तपासा, ह्या बोअरला 0.30 ते 0.45 मिलीमीटरमध्ये बसायला हवा. गॅप शून्याजवळ असला तर गरम झाल्यावर रिंगची टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

क्रँक: गरम आयडलला 0.8 आहे म्हणजे बेअरिंगं झिजलेली आहेत. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) काढून बघा, राखाडी थर जाऊन खालचं तांबूस दिसत असेल तर बदलायचेच. मग जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) नख आडवं फिरवा. रेघेत नख अडकलं तर ग्राइंडिंग, 0.25 किंवा 0.50 मिलीमीटर अंडरसाइज, आणि त्याच मापाचे शेल. ग्राइंडिंगनंतर पॉलिश आणि तेलाच्या भोकांच्या कडा मोडलेल्या हव्यात, नाहीतर धारदार कड पहिल्याच दिवशी शेल खरवडते. थ्रस्ट वायसर विसरू नका. क्लच दाबल्यावर पुढची पुली मागेपुढे हलत असेल तर तेच गेलेले असतात.

हेड: गाइड, सीट, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, आणि फेसिंग फक्त गरज असेल तर. सरळ पट्टी ठेवून 0.05 मिलीमीटरचा फिलर आत गेला तर गरज आहे. ऑईल पंप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट आणि मागचं ऑईल सील ह्याच वेळी. इंजिन पुन्हा उतरवायची मजुरी ह्या सगळ्यापेक्षा जास्त आहे. टर्बोचा शाफ्ट बोटांनी वर-खाली, पुढे-मागे हलवून बघा. किंचित डुलणं चालतं, पाती घराला घासायला नको.

रेडिएटर रॉडिंग (नळ्या सळईने साफ) करून घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकून ‘गार चालते’ म्हणणारे ऐकू नका. इंजिन नेहमी थंड राहिलं की लायनर लवकर झिजतो.

मंडी_फेरी
प्रेशर टेस्टमध्ये ब्लॉकला तडा निघालाच तर?

कागद_आधी
मग ह्याच 2523 टर्बो डीआयचं इंजिन घ्यायचं, पण वर सांगितलेल्या कागदांसह. आणि बसवलेलं, चालू असलेलं इंजिन ऐकूनच. जमिनीवर पडलेलं असेल तर क्रँकचा बोल्ट पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा, चेंबर (खालची ऑईलची पेटी) उतरवून एक मेन आणि एक बिगएंड शेल बघा. डिपस्टिकला पांढरा फेस, हेड बोल्टवर ताजा रंग, किंवा चेंबरच्या तळाशी चमचमता चुरा, यांतलं एक जरी दिसलं तरी परत फिरा. चांगलं दिसलं तरी त्यालाही किट, शेल आणि गास्केट टाकूनच बसवा. त्यामुळे 48 हजार हा शेवटचा आकडा नाही.

लेथ_पोलोग्राउंड
आणि जोडताना लक्ष ह्याकडे ठेवा. होनिंगनंतर (लायनर दगडाने घासून घेतल्यावर) तो नुसता डिझेलने पुसायचा नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. पांढरा फडका आतून फिरवून पांढराच बाहेर आला पाहिजे. करड्या रंगाचा आला तर तो होनिंग दगडाचा चुरा आहे, तोच रिंगा खातो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी स्टॉप ओढून, डिझेल बंद ठेवून, दहा-दहा सेकंदांचे सेल्फ मारा, ऑईल प्रेशर गेजवर येईपर्यंत. आल्यावरच डिझेल उघडा. नंतर तासभर आयडलवर सोडून देऊ नका. बिनभाराच्या इंजिनात रिंगा दाबून बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑईल खाणं तसंच राहतं. गरम झालं की अर्धा लोड घेऊन सपाटीला, मांगलियाकडे किंवा देवासपर्यंत, वेग कमी-जास्त करत फिरवा. 15डब्ल्यू-40 ऑईल आणि फिल्टर 500 किलोमीटरला बदला, त्याच दिवशी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा बघा. गास्केटच्या पाकिटावर हेड पुन्हा टाइट करायला सांगितलं असेल तर तेही टॉर्क पान्याने. पूर्ण लोड आणि भेरूघाट 1000 नंतर.

मंडी_फेरी
ब्लॉक आणि हेड उद्या टेस्टला, नोझल आणि पंप बेंचवर. कोटेशन पार्ट नंबरसह लिहून मागितलं आहे. टेस्टचं काय निघतं ते इथेच कळवतो.