कणकुंबीची डोंगरधार: परतीच्या पावसाचा विचार हवा

मित्रांसह बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी गावाच्या बाजूची डोंगरधार एका दिवसात चालून यावी, आणि तीही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अशा एका प्रस्तावातील जागेची निवड मला मनापासून आवडली. वेळेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्या दिवसांत परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो आणि उघड्या धारेवर किंवा जांभ्याच्या सड्यावर (सपाट खडकाळ माथ्यावर) आडोसा नसतो. म्हणून नोव्हेंबर बरा, आणि ऑक्टोबरच हवा असेल तर पहाटे निघून दुपारपूर्वी धार सोडावी.

या भागाचे खरे महत्त्व पाण्यात आहे. कणकुंबीला सुमारे ७९२ मीटर उंचीवर उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, तर याच खानापूर तालुक्यातील जंगलात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. दोन्ही उतारांचे पाणी असे दोन समुद्रांना जाते, हे सोबतच्या तरुण मंडळींना वर उभे राहूनच सांगावे, असा माझा आग्रह आहे.

याच जंगलातील भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. तेथे अस्वलांचा वावर आहे, त्यामुळे गटाने विखुरू नये. पावसाळा सरला की सड्यावरचे पाणी लवकर आटते, तेव्हा प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी खालूनच न्यावे.