नोकरी बदलताना शॉर्ट-टर्म विमा: टेक्सस ते न्यू जर्सी

प्रश्न: डॅलसची नोकरी सोडून जर्सी सिटीला जायचंय. मधले दोन महिने शॉर्ट-टर्म प्लॅन (थोड्या काळापुरता आरोग्य विमा) चालेल का? मधुमेह आहे.

उत्तर १: न्यू जर्सीत हे प्लॅन विकताच येत नाहीत; कॅलिफोर्नियातही २०१९पासून बंदी. टेक्ससमध्ये मिळतील, पण आधीच्या आजाराचा खर्च सहसा देत नाहीत. क्लेम आला की विमा कंपन्या जुने वैद्यकीय कागद उकरतात. क्लेम नाकारायला मेटफॉर्मिनची (मधुमेहाच्या गोळीची) एक चिठ्ठीही पुरते.

उत्तर २: मधुमेहाला तर नकोच. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर कोब्रा घ्या, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा स्वतः हप्ते भरून चालू ठेवा. निवडायला ६० दिवस असतात, आणि मागचे हप्ते भरले की कव्हर मागच्या तारखेपासून लागतं.

उत्तर ३: शॉर्ट-टर्म प्लॅन संपला म्हणून मार्केटप्लेसची (सरकारी विमा बाजाराची) विशेष नोंदणी, म्हणजे ठरलेल्या मुदतीबाहेर विमा घ्यायची संधी, उघडत नाही. त्या नोंदणीसाठी नोकरीचा विमा सुटल्यापासूनचे ६० दिवस मोजा.