अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: 'फायदा नाही झाला तरी तोटा काय?'

खडूस
कालच्या धाग्यावर शतपावली यांनी लिहिलंय की अँटिऑक्सिडंटची (व्हिटॅमिन सी, ई, बीटा-कॅरोटीन वगैरे) गोळी प्रत्येकानं रोज घ्यावी, पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल, ती निकामी करते, 'फायदा नाही झाला तरी तोटा तर काही नाही'. या शेवटच्या वाक्यानं डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ ला निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली 'कॅरेट' चाचणी १९९६ मध्ये २१ महिने आधीच गुंडाळावी लागली, कारण तेच. 'सिलेक्ट' नावाच्या आणखी एका चाचणीत व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला, आणि ती माणसं धडधाकट होती. तोटा अजून कसा असतो?

आणि फ्री रॅडिकल म्हणजे निव्वळ विष नव्हे. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

शतपावली
मी सिगरेट ओढत नाही आणि मला प्रोस्टेटही नाही. आता बोला.
गोळी सुरू केल्यापासून माझा थकवा गेला, केस गळायचे थांबले. तुमच्या टक्क्यांचं मी काय करू? 'डॉक्टरांना विचारा' म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की कुठला डॉक्टर पेशंटला 'काय खाता' म्हणून विचारतो! दोन मिनिटांत चिठ्ठी हातात, पुढचा पेशंट आत.

उनाड
ताई, त्याच सुमारास तुम्ही रात्रीची पाळी सोडली, असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत. श्रेय मात्र गोळीला.

पाटीपेन्सिल
अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग सर्दी टळते म्हणून रोज कित्येक ग्रॅम व्हिटॅमिन सी घ्यायचे. दोन नोबेल मिळवलेला माणूस मूर्ख होता का?

खडूस
एक नोबेल रसायनशास्त्राचं, दुसरं शांततेचं. सर्दीचं कुठलं?

पाटीपेन्सिल
९३ वर्षं जगले ते!

उनाड
आणि प्रोस्टेटच्या कर्करोगानं गेले. हे बरोबर गाळलंत.

पाटीपेन्सिल
मेलेल्या माणसाची टिंगल करून वाद जिंकता येत नाही. मला पूर्वी ऋतू बदलला की सर्दी व्हायची, आता होत नाही. विषय संपला.

खडूस
कसला संपतोय. कॉक्रेनचा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) आढावा वाचा. रोज सी घेऊनही सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही; मोठ्यांची सर्दी जेमतेम ८ टक्के लवकर बरी होते. म्हणजे सात दिवसांतला अर्धा दिवस.

पाटीपेन्सिल
म्हणजे उपयोग होतो! त्याच आढाव्यात मॅरेथॉन धावणाऱ्यांची आणि कडाक्याच्या थंडीतल्या सैनिकांची सर्दी निम्म्यावर आल्याचंही आहे. ते कोण गाळतंय?

खडूस
आहे, मान्य. तुम्ही मॅरेथॉन धावायला लागलात की तुम्हालाही लागू.

उनाड
अवांतर: माझा भाऊ रोज हजार मिलीग्रॅम सी घ्यायचा. मुतखडा झाला. सीचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि खडा बहुतेक त्याचाच असतो, हे त्याला खडा झाल्यावर कळलं.

पाटीपेन्सिल
पाणी कमी पीत असेल.

उनाड
तुमची सर्दी गेली तर सीमुळे आणि त्याला खडा झाला तर पाण्यामुळे. वा!

निवांत
सर्दी पुरे. माझ्या सासऱ्यांना मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार) आहे, मधल्या टप्प्यात. नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांत सी, ई, झिंक आहे. 'एरेड्स' चाचणीत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका अशा गोळ्यांनी २५ टक्क्यांनी कमी झाला होता. सरसकट कचरा म्हणू नका.

खडूस
तो उपचार आहे, ठरलेल्या आजारावर, ठरलेल्या डोसात. चाचणीतल्या मूळ गोळीत बीटा-कॅरोटीनही होतं, ते पुढे काढून ल्युटीन (हिरव्या भाज्यांत असतं ते रंगद्रव्य) घातलं. डोळे चांगले असलेल्यानं हौस म्हणून घ्यायची ती गोळी नव्हे. बाकी मुद्दा बिनतोड, मान्य करणं भाग आहे.

शतपावली
उपकार झाले. बरं, आईला वॉरफॅरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणूनचं औषध) चालू आहे. तिलाही मीच ई ची मोठ्या डोसाची गोळी देते. त्याचं काही?

खडूस
वाद राहू दे. तिच्या डॉक्टरांना आजच फोन करा. जास्त ई नं रक्त गोठायला अडथळा येतो, वरून वॉरफॅरिन.

शतपावली
करते. पण केसांचं मी मागे घेतलेलं नाही.

पाटीपेन्सिल
आणि सर्दीचं मी.