शोधनिबंधाचं मोल सायटेशनवरून ठरवायचं, तर किती वर्षांनी?

मांडवीकाठ (पणजी):
ओळखीच्या एका मुलीची नुकतीच प्राध्यापकपदासाठी मुलाखत झाली. तिचे चार निबंध टेबलावर होते, पण एकही कुणी उघडला नाही. गेल्या तीन वर्षांत सायटेशन किती, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत तिच्या कामाचा संदर्भ किती वेळा दिला, एवढंच विचारलं. ती घरी येऊन रडली, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा सायटेशनला विरोध नाही, घाईला आहे. आपल्याच मातीतले दामोदर धर्मानंद कोसंबी बघा. 1943 साली त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यातली कल्पना आज जगभर कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने शिकवतात, आणि त्या दोघांचं काम नंतरचं. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, कोसंबींनी जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही 'कोसंबी' हा पर्याय असतो. तो निवडणारे कितीतरी जण मूळ निबंधाचा संदर्भ देतही नाहीत. मेंडेलचा आनुवंशिकतेवरचा निबंध 1866 साली छापून आला, त्याची खरी दखल घेतली गेली 1900 मध्ये. तीन वर्षांच्या खिडकीतून यातलं काय दिसलं असतं?

सत्तरीकर:
मांडवीकाठबाब, मेंडेल आणि कोसंबी रोज जन्मत नाहीत. त्या मुलीने नोकरीसाठी 34 वर्षं थांबायचं का?

आकडे नव्हते तेव्हाचं मी भोगलंय. माझ्या मुलाखतीत पहिला प्रश्न होता, "पीएचडी कुणाकडे केलीत?" मी मार्गदर्शकांचं नाव सांगितलं, तशी समोरच्यांनी फाईल मिटली. आतल्या कागदांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. पुढे ब्राझीलमधल्या एका गटाने माझी पद्धत वापरली, ते मला सायटेशनमुळेच कळलं. छापील यादीत त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून मी दुसऱ्या मुलाखतीला गेलो. वशिला नसलेल्या माणसाकडे दाखवायला तेवढंच असतं हो. ते काढून घेऊ नका.

खाजनकाठी:
सत्तरीकर सर, तुमच्यावर अन्याय झाला, हे मान्य. पण सायटेशनमधून निबंध किती वापरला गेला ते कळतं. त्याचं महत्त्व कळेलच असं नाही.

एमएस्सीला आम्ही लॉरी पद्धतीने प्रथिनं मोजायचो. नळ्यांत आधी तांब्याचं द्रावण, मग फोलिन नावाचं रसायन, आणि थोड्या वेळाने निळा रंग चढायचा. प्रथिन जास्त तिथे निळा गडद. ही पद्धत सांगणारा 1951 चा निबंध. 2014 मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक सायटेशनवाल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा हा पहिला होता, तीन लाखांहून जास्त सायटेशन घेऊन. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध त्या शंभरात नव्हता. पद्धत वापरली की संदर्भ द्यावाच लागतो. पण डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगताना आता कोण संदर्भ देतं?

आणि आमच्या खाजनांचं, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांचं, काय? बांध कुठे फुटतो, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, दुरुस्ती कधी करावी, खारं पाणी शिरल्यावर कोरगुट भात कितपत तग धरतो, यावर कुणी मन लावून लिहिलं तर ते कामी येतं शेतकऱ्याच्या. तो निबंध लिहीत नाही, मग संदर्भ कुठून देणार?

मांडवीकाठ:
ताई, अगदी मनातलं बोललात.

सत्तरीकर, आकडा पुसा असं मी म्हणतच नाही. 1964 साली युजीन गारफिल्डनी सायटेशनची सूची काढली ती कोण कुणाच्या खांद्यावर उभा आहे हे शोधता यावं म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे सरासरी सायटेशनचा, दोन वर्षांचा हिशोब तर नियतकालिकाचा, त्यातल्या एकेका निबंधाचा नाहीच. तो माणसाला लावणं चूक आहे, हे संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय. मला हवी आहे ती निबंधाच्या सायटेशनची वर्षावार रेघ: चढतेय, विझतेय, की दहा वर्षांनी पुन्हा वर येतेय. आणि तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या निबंधांशी. गणितातला निबंध सावकाश मुरतो, त्याला जैववैद्यकाच्या मापाने मोजू नये. नव्या उमेदवाराची रेघ अजून उमटलेलीच नसते, तिथे निबंध वाचण्यावाचून इलाज नाही.

सत्तरीकर:
वाचणार कोण? माझ्या समितीत माझ्या विषयाचा एकही माणूस नव्हता. तो बाहेरून आणा. उमेदवाराने स्वतःचे दोन निबंध निवडावेत आणि ते कुणी, कशासाठी वापरले ते एका पानात लिहावं. खाजनातला शेतकरीसुद्धा त्या पानावर येऊ दे. एवढी जागा फॉर्ममध्ये दिली तर तुमच्या मागणीवर मी सही करतो. पण शेजारचा आकड्याचा रकाना खोडायचा नाही.