कराओकेसाठी टिकाऊ माइक कुठला घ्यावा? कॉर्डलेसने रडवलंय

डोंबिवलीचा_बेसूर

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातले दोन शनिवार कराओके असतं, तीस-पस्तीस जण येतात, निम्मे रिटायर्ड. सहाला सुरू करतो, दहाला बंद करावंच लागतं, समोरच्या विंगमधले एक गृहस्थ नऊ पन्नासलाच घड्याळ बघत गॅलरीत उभे राहतात. हौसेने सुरू केलं आणि आता सगळं सामान माझ्याच गळ्यात पडलंय. दोन पॉवर्ड स्पीकर, एक छोटा मिक्सर, लॅपटॉपवर ट्रॅक, टीव्हीवर शब्द. हे सगळं ठीक चालतं, रडारड आहे ती माइकची.

दीड वर्षात दोन कॉर्डलेस सेट झाले. ऑनलाइन घेतलेले, साडेतीन हजारात जोडी, कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्यातला एक खाली पडला आणि त्यानंतर डब्यातून बोलल्यासारखा आवाज. दुसऱ्या सेटचा आवाज मधेच जातो, आणि मुखड्याला नाही हं, बरोबर अंतऱ्यालाच जातो. एक काका रफीची गाणी म्हणतात, वरच्या पट्टीत गेले की आवाज फाटतो. एक काकू इतकं हळू गातात की त्यांच्यासाठी गेन (माइककडून मिक्सरमध्ये येणारा आवाज वाढवायचं बटण) वाढवला रे वाढवला की शिट्टी. परवा तर शिट्टीने एकांचं कानातलं यंत्र बोंबललं, ते बिचारे उठूनच गेले.

बजेट पंधरा, फार तर अठरा हजार. ड्युएटसाठी दोन हवेत. पडले तरी टिकतील आणि आवाज चांगला येईल असे. कॉर्डलेसच घ्यायचे की वायरचे? सगळे म्हणतात वायर जुनाट दिसते.

साउंडवाला_सांगली

दादा, दिसण्याचं राहू द्या. वीस वर्षं झाली मला या धंद्यात, लग्न, गणपती, ऑर्केस्ट्रा सगळं केलंय, माझ्या पेटीतले जे माइक अजून जिवंत आहेत ते सगळे वायरचे. साडेतीन हजारात दोन कॉर्डलेस म्हणजे त्यात दोन माइक, दोन ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर आला, मग गाणाऱ्याचा आवाज जिथे आत शिरतो त्या कॅप्सूलला किती पैसे उरले असतील तुम्हीच हिशोब करा. वायरच्या माइकमध्ये सगळे पैसे कॅप्सूल, जाळी आणि बॉडीलाच जातात.

घ्यायचा तो डायनॅमिक, म्हणजे साधा दणकट जातीचा, आणि कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारा. कंडेन्सर या नाजूक, तिखट कानाच्या जातीच्या वाटेला हॉलमध्ये जाऊ नका, तो पंख्याची घरघर, खुर्च्यांचा आवाज, टीव्हीशेजारी बसलेल्या आजोबांचा खोकला सगळं ओढून घेतो, वर त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यायला लागतात आणि पडला की हळहळत बसायचं.

शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून निघतोय आणि आजही स्टेजवर दिसतो, यातच काय ते समजा. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, आत कॅप्सूल रबरावर बसवलेली असते त्यामुळे हाताची खसखस कमी येते. पडला तर बहुतेक वेळा नुसती जाळी चेपते, आणि ती जाळी फिरवून काढता येते, नवीन मिळते. माझ्याकडच्या एकाची जाळी तीनदा बदललीय, माइक तोच.

पण तुमच्या काकूंसाठी मी सेनहायझरचा ई ८३५ सांगेन. कारण असं, की त्याची सेन्सिटिव्हिटी २.७ मिलीव्होल्ट आहे आणि एसएम ५८ ची १.८५, म्हणजे तोच आवाज तेवढ्याच अंतरावरून ई ८३५ साधारण तीन डेसिबल जास्त देतो. छोट्या मिक्सरचा गेन पुरत नसेल तर हा फरक चांगलाच कळतो. आणि माइक तोंडापासून थोडा लांब गेला तरी त्याचा आवाज एकदम पातळ होत नाही, नवशिक्यांचे हात काय, सारखे हलतच असतात.

रफीवाल्या काकांचं फाटणं मात्र माइकचं नसेल, डायनॅमिक माइक माणसाच्या ओरडण्याने सहसा फाटत नाही. कॉर्डलेसच्या ट्रान्समीटरमध्येच फाटत असेल, नाहीतर मिक्सरच्या गेनला. काका वर गेले की चॅनेलचा लाल दिवा लागतो का ते बघा. लागत असेल तर गेन खाली आणि फेडर, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज ठरवणारी सरकपट्टी, वर. इतकं साधं असतं पण आपले लोक फेडरला हात लावत नाहीत, गेनचंच बटण पिळतात.

सूर_नाही_तर_नाही

फुंकर मारून आणि टकटक करून "हॅलो हॅलो" म्हणणाऱ्यांपासून वाचणारा माइक कुठल्या कंपनीने काढलाय का? तो आधी सांगा, बाकी नंतर बघू.

कोथरूडची_आशा

मी कोथरूडला आमचा बायकांचा ग्रुप चालवते, तीन वर्षं झाली. साउंडवाले दादांचं बहुतेक पटतंय पण सगळं नाही. एक तर नऊ-दहा हजारांचा माइक प्रत्येकाला नको असतो. आम्ही बेरिंजरचे एक्सएम ८५०० घेतले, दोन-अडीच हजारांच्या घरातले, अजून चालतायत. एसएम ५८ शेजारी ठेवून ऐकला तर फरक कळतो, खोटं कशाला बोलू, पण आमच्या गाण्यात त्याहून मोठे फरक आहेत.

दुसरं, कॉर्डलेसला इतकी नावं ठेवू नका. आमच्यात एकीला गुडघ्यांमुळे खुर्चीतच बसून गायचं असतं, एकीला नाचत गायचं असतं, वायर पायात आली की पडायची भीती, आणि या वयात पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून आम्ही एकच चांगला यूएचएफ कॉर्डलेस ठेवलाय, फ्रीक्वेन्सी बदलता येते असा. स्वस्तातले ठरावीक फ्रीक्वेन्सीचे असतात ना, त्यात एकदा शेजारच्या कार्यालयातलं मंगलाष्टक आमच्या स्पीकरवर आलं होतं. सावधान ऐकून सगळ्या खरंच सावधान झाल्या. आणि २.४ गिगाहर्ट्झवाले असतील तर वायफायची त्याच पट्टीत गर्दी असते, रिकाम्या हॉलमध्ये छान चालतो आणि चाळीस फोन आत आले की अडखळतो. तुमचा अंतऱ्याला जाणारा आवाज याच जातीचा वाटतोय मला. नाहीतर सेल. प्रत्येक कार्यक्रमाला नवे अल्कलाइन सेल घाला आणि संपला की काढून ठेवा. पावसाळ्यात एकदा आत विसरले तर हिरवट बुरशीसारखं पाणी सुटून स्प्रिंगच खाल्ली होती.

आणि मुलांनो, जाळी धुता की नाही? चाळीस तोंडं लागतात त्याला. जाळी फिरवून काढायची, आतला स्पंज कोमट साबणाच्या पाण्यात, जाळी जुन्या टूथब्रशने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही. लिपस्टिक आणि सुपारी दोन्ही निघतात, अनुभव आहे. कॅप्सूलला पाणी लावायचं नाही एवढं लक्षात ठेवा.

साउंडवाला_सांगली

ताई, खुर्चीवाल्यांचा मुद्दा मान्य. पण मग कॉर्डलेस एक आणि वायरचे दोन असं ठेवा, नुसत्या कॉर्डलेसवर कार्यक्रम सोडायचा नाही.

केबलचं राहिलं होतं. माइक दहा हजारांचा घेतात आणि केबल दीडशेची. ज्या केबलला एका टोकाला मोठी मोनो पिन असते ती लांब झाली की हम्म्म सुरू. दोन्ही टोकांना एक्सएलआर, म्हणजे तीन काड्यांची गोल पिन, असलेली घ्या, १० मीटर, पिना न्यूट्रिक कंपनीच्या असल्या तर बरं. माइक बंद पडला म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातले निम्म्याहून जास्त माइक ठणठणीत असतात, पिनेपाशी केबलचा डाग सुटलेला असतो. पाच मिनिटांत डाग देऊन परत. आणि केबल कोपराला गुंडाळू नका हो, कापडं वाळत घालायची दोरी आहे का ती? एक वेटोळं सुलट एक उलट असं घ्यायचं, पीळ पडत नाही.

नाशिकचा_तबलजी

एक भर घालतो. एसएम ५८ च्या नकला बाजारात इतक्या आहेत की खराच घेतला असं छातीठोक सांगणारे निम्मे जण नकली वापरत असतील. माझ्या मेव्हण्याला चार हजारात "एक्स्पोर्टचा माल" म्हणून मिळाला, खोकं, पाऊच, कागद सगळं हुबेहूब. हातात घेतला तेव्हाच हलका वाटला, माझ्या माइकशेजारी ठेवून बघितला तर आवाज बसलेला आणि शिट्टी लवकर. किंमत निम्मी असेल तर माल नकली, दुसरं काही कारण नसतं. अधिकृत डीलरकडून बिलावर घ्या आणि जमलं तर ओळखीच्या कोणाचा खरा बरोबर न्या, दोन्ही हातांत घेऊन वजन बघा.

आणि स्विचवाला घ्यायचा की बिनस्विचचा हेही आधी ठरवा. मी बिनस्विचच्या बाजूचा. स्विच असला की गाणारा तो चुकून बंद करतो आणि पूर्ण कडवं मुक्याने गातो, आणि मग सगळे साउंडवाल्याकडे बघतात.

डोंबिवलीचा_बेसूर

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, आभारी आहे. स्विचचं बघावं लागेल, मिक्सरवर बसायला कायम कोणी नसतं, मीही गातो ना मधे मधे, त्यामुळे बहुतेक स्विचवाला.

अजून एक. शिट्टीचं काय? चांगला माइक घेतला की जाईल ना? आमची मांडणी अशी आहे की टीव्ही भिंतीला समोर, गाणारा टीव्हीकडे तोंड करून, आणि स्पीकर दोन्ही त्याच्या मागे कोपऱ्यात, कारण प्लगपॉइंट तिथेच आहेत.

साउंडवाला_सांगली

मग चोर सापडला की. गाणाऱ्याच्या पाठीमागे स्पीकर म्हणजे माइकचं तोंड बरोबर स्पीकरकडे. कितीही भारी माइक आणा, ओरडणारच. कार्डिऑइड माइक पाठीमागून, म्हणजे केबल लागते त्या बाजूने, सगळ्यात कमी ऐकतो. तेव्हा स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे काढा, तोंड लोकांकडे. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, दोन-तीनशे रुपयांत माइक बदलल्याएवढा फरक पडेल. कोणी सुपरकार्डिऑइड, म्हणजे बीटा ५८ ए वगैरे सुचवला तर लक्षात ठेवा, तो बाजूचं कमी ऐकतो पण अगदी मागचं थोडं ऐकतो, त्यामुळे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, त्याच्या बरोबर शेपटीमागे ठेवायचा नाही, थोडा तिरका ठेवायचा.

दुसरा चोर म्हणजे मूठ. सिनेमातल्या गायकासारखी जाळीच मुठीत धरतात ना, त्याने जाळीखालच्या फटी बंद होतात. त्या फटींमुळेच मागचा आवाज कापला जातो, त्या दाबल्या की माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी. दांडा धरायचा, जाळी नाही. काकूंना सांगा तोंडापासून दोन बोटं. वीतभर लांब धरला की गेन वाढवावा लागतो आणि मग परत तेच रडगाणं. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल गेले.

आणि जो गात नाही त्याच्या माइकचा फेडर खाली. दोन माइक चालू म्हणजे शिट्टी यायच्या आधी आवाज जितका वाढवता येतो तो तीन डेसिबलने घटला, उगाच. मिक्सरवर लो कटचं बटण असेल तर ते दाबूनच ठेवा, माणसाच्या आवाजाचं काही जात नाही, पायांची धपधप आणि फुंकर जाते. वर सूर_नाही भाऊंनी विचारलं होतं त्यांचं उत्तरही मिळालं त्यात, अर्धं तरी.

कोथरूडची_आशा

इको पण कमी करा! आमच्याकडे प्रत्येकीला वाटतं इको वाढवला की सूर लागतो. सगळं देवळात गायल्यासारखं येतं आणि शिट्टी त्यानेही लवकर येते.

डोंबिवलीचा_बेसूर

तीन आठवड्यांनी अपडेट. आधी काहीच विकत न घेता स्पीकर पुढे आणले, एक्स्टेन्शन घेतलं, आणि जुन्याच दळभद्री सेटवर शिट्टी जवळजवळ बंद. माझी मलाच लाज वाटली, दीड वर्ष माइकला शिव्या दिल्या. मग तीस जणांकडून वर्गणी काढली, लॅमिंग्टन रोडला गेलो, एक ई ८३५ आणि एक एसएम ५८, दोन्ही स्विचवाले, बिलासकट. दोन १० मीटरच्या केबल आणि एक स्टँड. दोन एकसारखे का नाही घेतले असं बायकोने विचारलं, तिला म्हटलं एक काकूंचा आणि एक काकांचा.

काल वापरले. काकूंचा आवाज पहिल्यांदाच मागच्या रांगेपर्यंत गेला, आणि त्या खरं तर छान गातात हो, आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. काकांचं फाटणं गेलं, गेनच होता. आता ते जास्त वरची गाणी निवडायला लागलेत. यंत्रवाले गृहस्थ शेवटपर्यंत बसले.

एकच अडचण, टेबलावर ठेवले की गोल असल्यामुळे घरंगळतात, काल एक पडता पडता वाचला. त्याला लावायची रबराची रिंग असते म्हणे, ती सुटी कुठे मिळते?

साउंडवाला_सांगली

मिळते, पण कशाला शोधताय. टर्किश टॉवेल घडी करून टेबलावर टाका, त्याच्यावर ठेवा. पुढच्या शनिवारी काकू कुठलं म्हणतात ते मात्र इथे लिहा.