वादळात पडलेला फणस लाकूड कापण्याच्या गिरणीपर्यंत कसा न्यावा?

प्रश्न: गुहागरजवळच्या आमच्या आगरातला फणस वादळात उन्मळला असून, त्याच्या 60 सेंटिमीटर जाडीच्या बुंध्यातून दारांच्या चौकटी काढून घेण्याचा विचार आहे. 3 मीटरचे ओंडके ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कसे चढवावेत?

उत्तर 1: असा ओला ओंडका सहज सात-आठ क्विंटल भरतो. ट्रॉलीला दोन जाड वासे तिरके टेकवून, पलीकडून चेन पुलीने ओढत तो लोळवत चढवावा. उताराच्या खालच्या अंगाला मात्र कोणीही उभे राहू नये.

उत्तर 2: फणस अनुसूचित वृक्ष, म्हणजे तोडीवर कायद्याने नियंत्रण असलेल्या यादीतले झाड आहे, म्हणून ट्रॉली हलवण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करावी.

उत्तर 3: कापलेल्या टोकांना त्याच दिवशी जाड ऑईलपेंट फासावा. आम्ही आळस केला आणि दोन्ही टोकांकडून वीतभर लाकूड चिरा पडून वाया गेले.